सुया ओवण्याचा दिवस

हेमाली सातपाटीहून बोईसरच्या एका कापड कारखान्यात माग चालवायला जायची. गावातल्याच प्रफुल्लशी तिचं लग्न ठरलं होतं, पण वर्ष होत आलं तरी तारीख निघत नव्हती. प्रफुल्लचे वडील नवशा यांचं म्हणणं होतं की लग्नानंतर सुनेनं कारखाना सोडून घरची मासळी बघावी. हेमाली माग सोडायला तयार नव्हती. प्रफुल्ल बापाच्या बोटीवर जायचा आणि दोघांच्या मधे गप्प राहायचा.

श्रावणात कारखान्यात नवे माग आले. ते बसवायला चीनहून शिऊलान नावाची बाई आली. सगळ्याजणी तिला शिऊताई म्हणू लागल्या. ती फोनशी तिच्या भाषेत बोलायची आणि फोन ते मराठीत सांगायचा, तेही बातम्या देणाऱ्या बाईसारखं. "कृपया धागा हळुवारपणे ओढावा," असं फोन म्हणाला की सगळं खातं हसायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता बसली होती. हेमालीनं विचारलं तेव्हा कळलं की सुट्टीच्या दिवशी तिच्याकडचा प्रेमाचा सण येतोय. त्या संध्याकाळी बायका चांदण्यात सुया ओवतात आणि हाताला कसब मागतात. यंदा नवरा न् मुलगी तिकडे, ती इकडे.

"मग सातपाटीला चल," हेमाली म्हणाली. "सुया आमच्याकडंबी हायेत."

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी हेमालीच्या अंगणात शेजारणी जमल्या. प्रफुल्लची आई काशीबाईही पाहुणी बघायला आली. शिऊताईकडे या दिवशी टरबूज मांडतात, म्हणून हेमालीच्या आईनं चिबूड कापला. ढगांतून अर्धा चंद्र दिसत होता. काशीबाईला काही सुईचं भोक दिसेना. तिनं घरी फोन करून जाळं विणायची मोठी सुई मागवली. ती घेऊन नवशा आणि प्रफुल्ल दोघंही आले, आणि कुंपणापाशी उभे राहिले.

हेमालीनं सणाची गोष्ट विचारली. फोन सांगू लागला. स्वर्गात एक मुलगी ढगांचं कापड विणायची. तिनं पृथ्वीवरच्या गुराख्याशी लग्न केलं. देवांचा राजा रागावला आणि त्यानं दोघांच्या मधे आकाशगंगा घातली. वर्षातून एकदा पक्षी पूल बांधतात, तेव्हा ती भेटतात. जपान-कोरियातही हा सण असतो.

"राजा कुणाचा कोण?" नवशानं विचारलं.

"मुलीचा पिता," फोन म्हणाला.

"मंग लगीन केलं म्हणून रागावला?"

"नाही. संसारात रमून तिने विणकाम सोडले म्हणून."

काशीबाईनं सुई मांडीवर ठेवली. "ऐकलंत? तिथला बाप माग सोडला म्हणून तोडतो, आन् तुमी सोडत नाय म्हणून."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नवशा म्हणाला, "मासळी कोण बघील मंग?"

"मी बघीन, बाबा," प्रफुल्ल म्हणाला. "बोटीवरून आलो का आईच्या हाताखाली बसंन. तिला कामावर जाऊ द्या."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हेमालीनंही.

"इतके दिस का नाय बोलला?" नवशानं विचारलं.

"तुमाला भ्यायचो."

"आता नाय भीत?"

"आताबी भितो."

नवशाला हसू आवरेना. "तुळशीचं लगीन झालं का बघू," तो म्हणाला.

"बघू नाय," काशीबाई म्हणाली. "ठरवा."

"ठरवलं."

शिऊताईला हा गलका कशाचा ते कळेना. हेमालीनं फोन तोंडाशी धरून सांगितलं, "माझं लग्न ठरलं." फोननं ते चिनीत सांगताच शिऊताईनं तिला मिठी मारली आणि तिथूनच नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. सातपाटीच्या बायका त्या इवल्या पडद्यासमोर दाटीवाटीनं बसल्या आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. पलीकडे शिऊताईची मुलगी खुदखुदत होती.

मार्गशीर्षात लग्न झालं. हळद उतरण्याआधीच हेमाली मागावर हजर झाली. प्रफुल्ल आता आईबरोबर मासळी विकायला बसतो. काशीबाई म्हणते, "पोरगा चांगला हाय, पण गिऱ्हाइकाशी भांडायचं अजून शिकायचा हाय."