माझ्यावरचं शून्य

ए मित्रांनो, गप बसा ना जरा, मध्ये बोलू नका, फक्त ऐका! मी एक फळा आहे. जुनाबिना नाही हां, खडूवाला काळा पण नाही. पांढरा, मार्करवाला. तळोज्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि काय स्वप्नं होती माझी! वाटलं शाळेत जाईन, कोणीतरी माझ्यावर हत्ती काढेल, सरांचं कार्टून काढेल. पण टेम्पो थांबला तो थेट पोलीस ठाण्यासमोर. नवी मुंबईतल्या कुठल्या ते विचारू नका. मला अजून तिथेच राहायचंय.

तिथे तक्रारी घेणाऱ्या हवालदारांच्या मागे मला टांगलं. हवालदार मिथुन पाटील. इथल्याच खाडीकाठच्या गावचे, आणि आवाज असा की गेटवरचा कुत्रा पण दचकून उठतो. त्यांनी पट्टीने माझ्यावर रेघा मारल्या. वर गुन्ह्यांची नावं: घरफोडी, जबरी चोरी, वाहनचोरी. बाजूला एरिया: बाजार, खाडीचा रस्ता, पुलाखाली. आणि चौकटीत आकडे. महिना संपला की हेच आकडे आयुक्तालयात जातात, तिथून पुण्याला राज्याच्या ऑफिसात, पुण्याहून दिल्लीला, आणि दिल्लीत अख्ख्या देशाचं जाडजूड पुस्तक निघतं. म्हणजे बघा, त्या पुस्तकाची सुरुवात माझ्यापासून! कसला फुगलो होतो मी!

पण मग मला डाऊट यायला लागला. कारण मी तिथेच टांगलेला ना, सगळं ऐकू येतं. दिवसभर लोक येतात, कोणी रडत, कोणी भांडत, आणि संध्याकाळी माझ्यावर चढतं काय? जवळजवळ काहीच नाही! एकदा एका माणसाला मारलं, धमकी दिली, वर त्याची चेन हिसकावली, आणि माझ्यावर आकडा एकच. मग कळलं, मोजायचा नियमच तसा आहे, एका केसमधला सगळ्यात मोठा गुन्हा तेवढा धरायचा. बरं, नियम तर नियम. पण पुलाखालच्या चौकटीतलं ते शून्य? ते मला कधीच पटलं नाही. हवालदार ते इतकं गोल गोल गिरवायचे ना, की मला वाटायचं, खऱ्या शून्याला एवढं कोणी सजवतं का?

वरचे साहेब तपासणीला आले की माझ्यासमोरच उभे राहायचे. "वा! पुलाखाली तर एकदम क्लीन!" लगेच चहा, बिस्किटं, आणि आमचे मोठे साहेब खूश. मला त्या कौतुकाचा पण डाऊटच यायचा.

मग एक दिवस राजश्री आली. कोपराला फडकं बांधलेलं, सोबत तिची आई बयाबाई. आदल्या संध्याकाळी पुलाखालून घरी येताना बाईकवरच्या दोघांनी तिचा फोन ओढला, ती फरफटली, फोन गेला. आणि टेन्शन काय, तर न्हावा शेव्याच्या एका ऑफिसात तिची नोकरी जवळजवळ पक्की झालेली, आणि त्यांचा फोन आजच येणार होता. त्याच नंबरवर!

हवालदारांनी आधी तिला पाणी दिलं. ते वाईट नाहीत हां. मग म्हणाले, "ताई, मोबाईल गहाळ झाला असा अर्ज दे. आता दाखला देतो, दुपारपर्यंत सिम तुझे हातान."

"गहाळ?" बयाबाई उसळल्याच. "गहाळ काय वो सायब? चिल्लर हाय का सांडायला? लेकीचं कोपर फोडून नेलाय!"

"मावशी, चोरी लिवायची तं मोठं सायब पायजेत, ते हाय बंदोबस्ताला. मग जबाब, पंचनामा. दिवस जाईल. हिला सिम पायजे ना?"

राजश्री म्हणाली, "पण साहेब, तिथे रोज कोणाला ना कोणाला लुटतात म्हणे. आई त्याच रस्त्याने कामाला जाते."

आणि मित्रांनो, हवालदारांनी काय केलं माहितेय? मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं! "कोन सांगतं? ह्या बघ ना. पुलाखाली शून्य. तिथं काय नाय होत."

म्हणजे मी साक्षीदार! तो पण चोरांच्या बाजूने! मला इतकं ओरडावंसं वाटलं!

तेवढ्यात बाकावरून एक मुलगी उठली. जागृती, पासपोर्टच्या कामाला आलेली. "मामा, मागच्या महिन्यात माझा फोन पण तिथेच हिसकावला. तुम्हीच गहाळ लिहायला लावलंत. माझ्याआधी एक काकू होत्या, त्यांना पण."

हवालदार टेबलावरचे कागद चाळायला लागले. बयाबाई थोड्याच गप्प बसतात! "घ्या! समद्या बायांनी हाताला तेल चोपडलंय जणू, फोन नुसते सटकायलेत!"

मला एकदम सगळं कळलं. घाईत सगळ्यांनी गहाळ लिहिलं म्हणून माझ्यावर शून्य. शून्य म्हणून पोलिसांची राउंडची गाडी तिकडे फिरकत नाही. गाडी नाही म्हणून बाईकवाले मोकळे. आणि तेच शून्य दाखवून पुढच्याला परत गहाळ!

हवालदारांनी हळूच अर्ज पुढे सरकवला. राजश्रीने पेन उचललं, आणि परत ठेवलं.

"चोरीच लिहा. मी थांबते."

आता बयाबाईच घाबरल्या. "अगं, नोकरी जाईल की!"

"आई, नोकरीला पण ह्याच पुलाखालून जायचंय ना?"

जागृती तिच्या बाजूला येऊन बसली. संध्याकाळी मोठे साहेब आले, चिडले, आवाज चढवला, पण दोघी हलल्या नाहीत. शेवटी दोघींच्या तक्रारींवर गुन्हे दाखल झाले. हवालदारांनी माझं शून्य पुसलं आणि तिथे दोन लिहिलं, असं दाबून की मला मार्कर टोचला. मला ते आवडलं.

पुढच्या तपासणीला वरचे साहेब भडकले, "हे काय, तुमच्याकडे जबरी चोऱ्या वाढल्या?" चोऱ्या नव्हत्या हो वाढल्या, लिहिणं वाढलं होतं! पण फळ्याचं कोण ऐकतं? बिस्किटं तशीच राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी मला उतरवलं. आता मी अडगळीत, फुटक्या हेल्मेटांच्या मागे. माझ्या जागी टीव्ही लागलाय, त्यावर रंगीत पट्ट्या येतात म्हणे. मला त्यांचा पण डाऊट आहे.

मला उतरवत होते तेव्हाच राजश्री तक्रारीची प्रत न्यायला आली होती. बयाबाई हवालदारांना सांगत होत्या, "पुलाखाली गाडी उभी ऱ्हाती आता. बाया बिनघोर जात्यात. पर हिची नोकरी दुसऱ्यालाच दिली, फोन लागंना म्हनं." राजश्रीने प्रतीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेली.

मित्रांनो, आम्हा फळ्यांची काळजी घ्यायची म्हणजे नुसतं पुसून चकाचक ठेवायचं नसतं. आमच्यावर आकडा मोठा दिसला की लगेच घाबरू नका, आणि शून्य दिसलं की टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, कोणाकोणाला काय लिहायला लावलं होतं.

आणि आता खरं खरं सांगा हां. दुपारी सिम हातात, नोकरीचा फोन येणार, फक्त एक सही करायची. तिच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?