ऐरण कितव्या नंबरची?

मित्रांनो, मी बंदरावरच्या टेहळणीच्या खोलीतला एक जुना भोंगा आहे. दांडा फिरवला की ओरडायचं, एवढंच मला येतं. मला घडवणारा कारागीर कानांत बोटं घालून म्हणाला होता, "हा तर मेलेल्यालाही उठवेल!" कसलं काय!

वीस वर्षं मला फिरवलं ते ताईने. सगळं बंदर तिला ताईच म्हणायचं. ती खिडकीत बसून ढग बघायची. ढगांची नावं तिला वडिलांनी शिकवलेली. पांढरे गुबगुबीत पुंजके म्हणजे मेंढरं, त्यांची भीती नाही. माशाच्या अंगासारखं आभाळ म्हणजे खवले, आता वारा फिरणार. आणि वरून सपाट, खालून काळाकुट्ट असा ढग म्हणजे ऐरण, वादळ घेऊन येणारी. ऐरण दिसली की ताई मला फिरवायची आणि एकही होडी दोर सोडायची नाही. लोक म्हणायचे, "भोंगा आहे म्हणून आम्ही आहोत." मी फुशारून जायचो.

मग नवे साहेब आले. त्यांनी भिंतीवर ढगांच्या नऊ चित्रांचा तक्ता लावला, प्रत्येक चित्राला नंबर, नाव कुठेच नाही. आधी फोनवर नंबर कळवायचा, हुकूम आला की मगच भोंगा.

एका सकाळी ऐरण उठली. ताईने धावत फोन उचलला.

"साहेब, ऐरण आलीय! होड्या सुटतायत, माझा दादा पण आहे त्यांत!"

"ऐरण? कितव्या नंबरची?"

"सात... नाही, नऊ असेल. दोन्ही सारखेच दिसतात हो! वाजवू का?"

"नीट बघून सांगा. हुकमाशिवाय वाजवलंत तर उद्यापासून येऊ नका."

ताईने माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. घर तिच्याच पगारावर चालायचं. मी तिला बोल लावत नाही. ती तक्त्यापुढे उभी राहून चित्रं ताडत बसली. हुकूम आला तेव्हा शेवटची होडीही दिसेनाशी झाली होती. तरी तिने मला दुपारपर्यंत फिरवलं, हाताची सालटी निघाली तरी. सहा होड्या गेल्या, एकही परतली नाही. दादाही नाही.

आता ताई येत नाही. मला गंज चढलाय, उद्या-परवा भंगारवाला नेईल. साहेबांनी मात्र तक्ता नवा मागवलाय. त्यात दहावं चित्र आहे आणि खाली छापलंय, 'ऐरण'.

मित्रांनो, मला तेल घाला असं म्हणायला मी आता कुठला उरतोय! पण कोणी धापा टाकत येऊन आभाळाकडे बोट दाखवलं, तर त्याला नाव-नंबर नंतर विचारा. आधी दांडा फिरवा.