टीव्ही फुटला की वाळवण आत

इसो आजीचा पुन्हा फोन आला तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "आजी, तुमची डिश ठणठणीत आहे. बिघडलंय ते आभाळ."

"आभाळाला काय धाड भरलीय? निळंशार आहे. ये आणि बघ," आजी म्हणाली. "आणि जाताना हा खोटारडा डबा उचलून घेऊन जा."

खोटारडा डबा म्हणजे तिचा टीव्ही. मिनासे गावात विजेच्या सामानाचं दुकान एकच, ते आमचं. पाटीवर नाव नवऱ्याचं, सेइगोचं. शिडीवर चढणारी मात्र मी, कारण उन्हाळा लागला की सेइगो गळ घेऊन नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. अयु मासे! साठी उलटली तरी माणसाला दुसरं काही सुचत नाही.

आमच्या आळीत टीव्ही बघतात तो पावसासाठी. डिशवर येणारी लहर भारी बारीक, त्यामुळे वाटेत जाड थेंबांचा पाऊस आला की ती त्यातच विरून जाते आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. बाकीचे लोक अशा वेळी टीव्हीला शिव्या घालतात. इसो आजीने मात्र फार वर्षांपूर्वी ताडलं, की अंगणात पहिला थेंब पडायच्या जरासं आधीच चित्र फुटतं. उमेची आंबट फळं मिठात मुरवून भर उन्हात बांबूच्या सुपल्यांवर वाळत घातली, की त्यांच्यावर पावसाचा थेंब पडता कामा नये. बुरशी धरली तर वर्षाचं लोणचं गेलंच म्हणायचं. म्हणून आजी टीव्हीचा आवाज मोठा ठेवून अंगणात बसते. आवाज तुटला की ओरडते, "फुटला!" आणि अख्खी आळी सुपल्या उचलून आत पळते. याच जोरावर मी कितीतरी डिश विकल्या. हवामानवाला चुकेल, ही चुकायची नाही, असं छातीठोक सांगायचे.

आणि यंदा तीच खोटं बोलायला लागली. लख्ख ऊन असताना चित्र फुटतं, बायका धावत वाळवण आत घेतात आणि मग दारात उभं राहून कोरड्या अंगणाकडे बघत बसतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी केबल बदलली. दुसऱ्यांदा डिशच्या तोंडाशी असतो तो डबा बदलला. तिसऱ्यांदा अख्खी डिशच नवी लावली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं चाललंय हे मला कळत होतं, पण रेडा कुठे उभा आहे तेच दिसत नव्हतं.

पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. पूर्वी त्याला काही रीत होती. समुद्राकडून यायचा, आभाळ आधी राखी करायचा, सगळ्यांना सारखं भिजवायचा आणि निघून जायचा. उन्हाळ्यातली सर असली तर ती संध्याकाळीच यायची. आता भर सकाळीसुद्धा कोसळतो, तोही एकाच जागी, बादली उपडी केल्यासारखा, आणि शेजारच्या वाडीतले कपडे कोरडेच. बातम्यांमधला पोरगा रोज म्हणतो, "काही ठिकाणी मुसळधार." अरे बाबा, काही ठिकाणी म्हणजे कुठे ते सांग की!

घरीही तेच. सेइगो जेवायला बसला की कुरकुर सुरू.

"आज पुन्हा पाणी गढूळ झालं. डोक्यावर ऊन आणि पाणी गढूळ! एक मासा लागेना. वर कुणीतरी रस्ता खणतंय वाटतं."

"मला इथे डिशचं कळेना, आणि तुम्ही पाणी काय घेऊन बसलात?" मी म्हटलं. "भात घ्या अजून."

"तुझी डिश गेली खड्ड्यात."

"तुमचे मासे आधी जाऊ देत."

आमचं बोलणं हे असं.

तर त्या दिवशी सकाळी मी लहर मोजायचा मीटर गळ्यात अडकवून आजीच्या छपरावर चढले. खाली अंगणभर उमे पसरलेले, लालसर, सुरकुतायला लागलेले. मीटरचा काटा जिथे हवा तिथे होता. मी डिशला बोटही लावलं नव्हतं, आणि काटा घसरायला लागला. घसरत घसरत पार तळाला गेला.

"फुटला!" आतून आजी ओरडली. "काय केलंस गं?"

"काही नाही केलं!"

"मग फुटला कसा? आता सुपल्या आत घेऊ की नको?"

डोक्यावर ऊन, कौलं पाय भाजतायत आणि मीटर सांगतोय की मुसळधार पाऊस आहे. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. तीस वर्षं हे काम करतेय, आणि ही थाळी मला वेड्यात काढतेय! रागाच्या भरात मी तिच्या पाठीमागे उकिडवी बसले आणि ती बघते तिकडे बघितलं. हे मी कधीच केलं नव्हतं. आमची नजर कायम काट्यावर.

डिश नैर्ऋत्येला वर तोंड करून होती. अंगणातून त्या बाजूला नुसतं बांबूचं बन दिसतं. छपरावरून बनाच्या पलीकडचा डोंगर दिसत होता. डोंगरावर एकच ढग, माथ्याला पांढरा, कापसासारखा. पण त्याचं बूड काळंकुट्ट होतं आणि त्याच्याखाली डोंगर दिसतच नव्हता. पुसून टाकल्यासारखा गेला होता. पाऊस होता. खराच होता. फक्त आमच्याकडे नव्हता, नि येणारही नव्हता. लहर त्याच पावसातून येत होती, नि डिश बिचारी जे दिसत होतं तेच सांगत होती.

"अगं, घेऊ की नको?" आजी खालून ओरडतच होती.

आमची नदी त्याच डोंगरातून येते.

मी शिडीवरून उतरले की पडले ते आता आठवत नाही. सेइगोचा फोन लावला. वाजत राहिला. तो फोन गाडीत ठेवून पाण्यात उतरतो, भिजू नये म्हणून. मी छोटा ट्रक काढला आणि नदीवर गेले. वाटेत सगळीकडे ऊन. मला माझाच भरवसा वाटेना. सुनो काकूच्या दारात गाद्या वाळत होत्या. आपण वेडेपणा करतोय, असं दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा मी गाडी आणखी पळवली.

सेइगो नदीच्या मध्यात, कासवासारखा दिसणारा खडक आहे, त्याला टेकून उभा होता. हातात गळाची लांबच लांब काठी. पाणी काचेसारखं स्वच्छ.

"बाहेर या!" मी ओरडले.

"काय झालं? दुकान पेटलं का?"

"टीव्ही फुटलाय!"

तो एवढा हसला की काठी हलायला लागली. "मग मी काय करू? इथून जोडू?"

"अहो, पाणी येतंय! वर डोंगरात पाऊस आहे!"

"कुठे आहे पाऊस? आभाळ बघ जरा. आत्ता कुठे मासा लागायला लागलाय. जा घरी, डोक्याला ऊन लागलंय तुझ्या."

हा माणूस समजावून ऐकणारा नाही. ऐकला असता तर लग्नाला इतकी वर्षं झाली त्यात एकदा तरी ऐकला असता. काठाशी पाण्यात त्याचा आमिषाचा डबा होता. आपल्या जागेत दुसरा अयु आला की अयु त्याच्यावर तुटून पडतो, म्हणून आमिष लागतं जिवंत अयुचंच, आणि सेइगो त्या माशांना पोटच्या पोरांसारखा जपतो. मी डबा उचलला, झाकण काढलं आणि नदीत उपडा केला.

"ए! ए बये! काय केलंस!"

आला. शिव्या देत, पाणी उडवत, काठी सावरत आला. माझ्या हातातून डबा हिसकावून घेतला, आत बघितलं. "सगळे सोडलेस? सगळे?"

"सगळे. आता मारा मला. पण इथे वर येऊन मारा."

तो तावातावाने दरड चढून वर आला, आणि मग मध्येच थांबला. वास आला. ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा. कडक उन्हात. मग पाण्यावरून काटक्या वाहत आल्या आणि पाणी चहासारखं झालं. आवाज नंतर आला. आम्ही दोघं आणखी वर सरकलो. वळणावरून एक अख्खं झाड मुळांसकट आलं, आणि कासवाच्या खडकावर आदळून त्याच्यावरून पार झालं. पुन्हा बघितलं तर खडक नव्हताच.

आमच्या अंगावर ऊन होतं. सेइगोने आभाळाकडे बघितलं, नदीकडे बघितलं, परत आभाळाकडे बघितलं.

"इथे तर थेंब नाही," तो लहान मुलासारखं म्हणाला. "तुला कसं कळलं?"

मी तिथेच दगडावर बसले. याआधी तीनदा टीव्ही फुटला होता. तिन्ही वेळा अख्खी आळी उमे आत घ्यायला धावली होती. तिन्ही वेळा हा माणूस त्या खडकाला टेकून उभा होता, आणि पाणी नुसतं गढूळ झालं म्हणून जिवंत घरी आला होता. मी त्याला भात वाढला होता.

मी त्याची ओली बाही घट्ट धरली. त्याने ती सोडवून घेतली नाही.

खिशातला फोन वाजला.

"अगं, थेंबसुद्धा नाही बघ!" इसो आजी कडाडली. "मी बापडी सुपल्या हातात धरून कधीची उभी आहे. आत घेऊ की नको, एकदाचं सांग."

"राहू द्या बाहेर, आजी," मी म्हणाले. "आत घ्यायचा होता, तो घेतला."