साहेबाने वगळलेलं घर

झाशीच्या मराठी समाजाने यंदा गणेशोत्सवात ‘तेव्हा आणि आता’ असं प्रदर्शन ठरवलं आणि खंडेराव गेटजवळ राहणाऱ्या जनार्दनरावांच्या अंगात आलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या प्रवाशाने झाशी जिल्ह्यातल्याच गरौठ्याकडच्या एका पडक्या देवळाचं पेन्सिलचित्र काढलं होतं. त्याची मोठी प्रत त्यांनी छापून घेतली. साहेब जिथे बसला होता, अगदी तिथूनच त्यांना आजचा फोटो काढायचा होता.

रविवारी ते पत्नीला, अनुसूयाबाईंना, घेऊन त्या गावी पोहोचले. देऊळ मिळालं, पण साहेबाची जागा जुळेना. चित्र डोळ्यांसमोर धरून जनार्दनराव मागे मागे सरकू लागले.

“अहो, मागे बघा!” अनुसूयाबाई ओरडेपर्यंत ते एका अंगणात शिरून म्हशीवर आदळले होते.

म्हैस रेकली तसा घरमालक दामोदर बाहेर आला. पाहुण्याच्या गळ्यातला कॅमेरा आणि हातातला मोठा कागद पाहून त्याचा चेहरा उतरला. देवळालगतची घरं पाडायला माणसं येणार, अशी गावात आवई उठली होती.

“नाप रहे हो, साहब?”

“नहीं भैया, बस देख रहा हूँ,” म्हणत जनार्दनरावांनी हौसेने चित्र पुढे केलं. “ये मंदिर, ये इमली, ये टीला. आपका घर तो इसमें है ही नहीं!”

सरकारी नकाशात आपलं घरच नाही, असं समजून दामोदर मटकन खाली बसला. शेजारीपाजारी जमले. त्याची म्हातारी आई कपाळाला हात लावून म्हणाली, “अंग्रेज ने हमाओ घर काए छोड़ दओ?”

साहेबाने घर का वगळलं, याचा जाब आता जनार्दनरावांना द्यायचा होता. “मैं सरकारी आदमी नहीं हूँ। रिटायर हूँ।”

“मतलब, पहले थे,” दामोदर म्हणाला आणि आत पुऱ्या तळायला सांगून आला. जनार्दनराव जितकं नाकारत, तितक्या पानात पुऱ्या वाढत गेल्या.

शेवटी अनुसूयाबाईंनी हात धुतले. “अहो, पेन्सिल द्या.” मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली होती. देवळाशेजारी त्यांनी दामोदरचं घर काढलं. ओसरी, गवताची गंजी आणि दारात म्हैस.

“भैंस थोड़ी मोटी करो, बहनजी.”

त्यांनी केली. दामोदर हसला, म्हातारीने हात जोडले, आणि नवरा-बायकोची सुटका झाली.

“अगं, इतिहासात म्हैस घातलीस तू!” गाडीत जनार्दनराव धुसफुसत होते.

“नाहीतर बसला असतात अजून पुऱ्या खात.”

दुसरी प्रत छापायला वेळ उरला नाही. म्हशीची प्रतच प्रदर्शनात भिंतीवर लागली. प्रमुख पाहुणे तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. “देऊळ ठीक आहे,” ते म्हणाले, “पण म्हैस बघा! या गोऱ्याला बुंदेलखंड कळला होता.”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जनार्दनरावांना राहवेना.

“ती म्हैस आमच्या हिने काढलीय,” ते मोठ्याने म्हणाले. “घरसुद्धा.”

पाहुण्यांचा चेहरा गोरामोरा झाला. एक जण फिसकन हसला आणि मग सगळेच हसले. अनुसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“सांगायची काय गरज होती?” त्या पुटपुटल्या. पण बायका चित्राभोवती गोळा झाल्या, तेव्हा म्हशीची शिंगं कशी काढली, ते त्यांनी प्रत्येकीला नीट समजावून सांगितलं.