फरशीखालचा जमादार

सकाळी सातला जमादार स्वयंपाकघराच्या मोरीतल्या भोकातून फरशीखाली शिरला. आठ वाजून गेले तरी वर आला नव्हता.

जमादार हा घरच्या बाईंचा टेरियर कुत्रा. उंची पोटरीएवढी, मिशा मात्र भरघोस. त्याला खाली धाडलं होतं बाईंच्या नवऱ्याने. तो धंद्याने फरशीवाला. अर्ध्या गावाची घरं त्याने चकचकीत केली, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं करकरणाऱ्या लाकडी फळ्या. अखेर गेल्या आठवड्यात त्याने त्या फळ्यांवर निळसर फरशी बसवली. दुकानातला शेवटचा माल होता. तसा रंग आता पुन्हा मिळणार नव्हता. फरशी वाळते न वाळते तोच खालच्या पोकळीतून खरवडल्याचा आवाज येऊ लागला.

"खायला काळ अन् भुईला भार," असं फरशीवाला जमादारला रोज ऐकवायचा. काल मात्र मेहुणा म्हणाला, "दाजी, ही जात याच कामासाठी तयार केलीय. बिळात घुसायचं, जनावराला गाठायचं. त्याला गादीवर तुम्ही बसवलंत."

"मी नाही, तुझ्या बहिणीने."

आणि आज जमादार खाली होता. एकाच जागी उभा राहून भुंकत होता, थेट ओट्यासमोरच्या फरशीखाली.

"आता आणतोय बघा ओढून," म्हणत फरशीवाला मोरीपाशी पोतं पसरून बसला. मटणाचा तुकडा दाखवून झाला, हाका मारून झाल्या. पोतं रिकामंच.

शेवटी त्याने मेहुण्याला फोन लावला. "अरे, आणतो कधी हा?"

"आणत नसतो, दाजी. तो जनावराला कोंडून धरतो आणि भुंकतो. त्या आवाजाच्या रोखाने माणसांनी वरून खणायचं. अर्धं काम त्याचं, अर्धं आपलं."

"हे काल सांगायला काय झालं होतं?"

"काल तुम्ही त्याची जात विचारलीत. तुमचं काम कुठे विचारलंत?"

सासूबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, त्याने हजेरी लावली. तुमची कधी?"

बायको फरशीला कान लावून होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आवाज बसत चाललाय त्याचा."

फरशीवाल्याने हातोडा-छिन्नी काढली. पहिल्या फरशीच्या सांध्यात छिन्नी इतकी हळुवार सरकवली, की सासूबाईंना राहवलं नाही. "गुदगुल्या करताय की काय तिला?"

फरशी अख्खी निघाली. तो जरा सुखावला. दुसरीचा कोपरा उडाला. त्याने तो उचलून खिशात ठेवला. खालची फळी कापली, तर खाली नुसता अंधार. भुंकणं हातभर पुढे सरकलं होतं, कपाटाच्या दिशेला.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता काय! साहेब पुढे गेले, मजुराने मागे जायचं."

तिसरी निघता निघता दुभंगली. चौथीपाशी भुंकणं थांबलं. मग एक गुरगुर आली. बारीक, घोगरी, पण जमादारचीच. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चौथी फरशी वाचवायचा विचार फरशीवाल्याने सोडून दिला. हातोडा उचलला आणि सरळ मध्यावर घातला.

अकराच्या सुमाराला कापलेल्या फळीच्या भोकातून बॅटरी धरल्यावर जमादारचं शेपूट दिसलं. ताठ, मातीने माखलेलं. बायकोने हात घालून त्याचं मागचं तंगडं धरलं, तर त्याने ते झटकलं. त्याच्या पुढ्यात, उजेड पोहोचत नव्हता तिथे, आणखी कुणीतरी फुसफुसत होतं. उंदीर एवढ्या मोठ्याने फुसफुसत नाही, असं सासूबाईंचं मत पडलं.

फरशीवाला कपाट रिकामं करतो आहे. त्याच्याखाली अजून सहा फरश्या आहेत. जमादार मागे सरकलेला नाही.