छतातून आलेले पाय

नानांचे पाय आवटींच्या छतातून बाहेर आले तेव्हा आवटी जेवायला बसले होते. आधी डाव्या पायाचा अंगठा दिसला, मग उजव्याचा, आणि आमटीत थोडा चुना पडला. आवटीवहिनींनी आमटी ओतून दिली, नवऱ्याला दही वाढलं आणि जिना चढून वरच्या मजल्यावर हेमलताच्या दाराची बेल दाबली.

"तुमच्या नानांचे पाय आमच्याकडं आलेत."

"हो, मला वाटलंच," हेमलता म्हणाली. "चार दिवस झाले, इथं दिसत नाहीयेत."

नाना म्हणजे हेमलताचे वडील. मिरजेच्या एका शाळेत ते ड्रिलमास्तर होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी पाठीचा कणा सरळच, आणि रोज सकाळी हॉलच्या खिडकीपाशी ताठ उभं राहून ते रस्त्याकडं बघत. मागच्या आठवड्यात तसेच उभे असताना त्यांना पाऊल उचलता येईना. हेमलतानं वाकून पाहिलं, तर तळवे फरशीत बुडाले होते. फरशीला तडा नव्हता, फट नव्हती. दुसऱ्या दिवशी घोटे गेले, मग पोटऱ्या.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी रक्तदाब बघितला, फरशीवर टिचकी मारून बघितली. "या वयात माणूस जड होतो," ते म्हणाले. "ओढायला जाऊ नका, कातडी सोलवटेल. सांभाळायला कुणीतरी ठेवा."

हेमलतानं आधी पुण्याला भावाला फोन केला. श्रीरंग मीटिंगमध्ये होता. मग तिनं बाया पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन लावला. तिथल्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पेशंट एकाच घरात आहे ना?"

"गुडघ्यापर्यंत आमच्या घरात. खालचं खालच्यांकडं."

"मग ते दोन पेशंट झाले, मॅडम. आमची बाई एका घरात काम करते. जिने चढउतार करणार नाही."

दुसऱ्या दिवशी कलावती आली. अंगानं भरलेली, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. तिनं पदर खोचला, नानांना खुर्चीची पाठ टेकायला दिली, तोंड पुसलं, चहात बिस्कीट बुडवून भरवलं. हेमलता कचेरीत जाऊ लागली. जाताना ती दार ओढून घ्यायची आणि पहिल्या पायरीवर थोडी बसायची. उठावंसं वाटायचं नाही. वीस वर्षांपूर्वी संसार मोडून ती याच दारात बॅग घेऊन उभी राहिली होती, तेव्हा नाना एवढंच म्हणाले होते, "चपला बाहेर काढ." त्यानंतर बापलेकीत बोलणं झालं ते दूध, वीज आणि औषध यांच्यापुरतं.

खालचे पाय आवटीवहिनींनी स्वतःकडं घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी जेवणाचं टेबल सरकवलं, त्या जागी स्टूल ठेवलं, आणि रोज दुपारी स्टुलावर चढून त्या कोमट पाण्यानं ते पाय धुऊ लागल्या. टाचांच्या भेगांना आमसुलाचं तेल, नखं, बोटांमधली जागा. "आमच्या सासूबाई अथणीला वारल्या तेव्हा माझी पोरं परीक्षेला बसली होती," त्या म्हणाल्या. "मला जाताच आलं नाही बघा."

एक दिवस कलावती हेमलताला म्हणाली, "ताई, दुपारच्याला आजोबा एकटेच हसत्यात."

हेमलतानं नानांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. शनिवारी ती मुद्दाम दुपारी खाली गेली. छतातून दोन पाय लोंबत होते, मांड्यांपर्यंत, आणि वहिनी पंचानं बोटं पुसत होत्या. हेमलता त्या पायांकडं बघत राहिली. बापाचे तळवे ती पहिल्यांदाच बघत होती. लहान मुलासारखे गुलाबी होते. तिनं वहिनींच्या हातातून पंचा घेतला आणि स्टुलावर चढली. अंगठ्याला हात लागताच बोटं आखडली.

वरून नानांचा आवाज आला, जाड भिंतीपलीकडून यावा तसा. "कोण आहे ते? वहिनींना बोलवा."

हेमलतानं पंचा परत दिला.

कंबर उतरली तेव्हा प्रश्न आला. आवटींनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "आता पुढचं आमच्या हिला बरं दिसत नाही." हेमलतानं पुन्हा ब्यूरोला फोन केला. आवटींच्या घरात वसंतमामा नावाचा माणूस येऊ लागला. तो धोतर बदलायचा, भांडं धरायचा, पावडर लावायचा, आणि छताकडं तोंड करून ओरडायचा, "झालं हो कलावतीबाई, आता पाणी पाजा!" वरून कलावती ओ द्यायची. दोघांची एकमेकांशी ओळख अशी नव्हती.

रविवारी श्रीरंग आला. नाना तेव्हा छातीपर्यंत फरशीत होते. त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत. वडिलांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. नाना ओरडले, तसा खालून वसंतमामाही ओरडला, "सोडा! सोडा! हितं रक्त यायलंय!"

श्रीरंग घाम पुसत सोफ्यावर बसला.

"इतकं खाली जाऊ कशाला दिलंस त्यांना?"

"मी काय केलं?"

"तू इथं होतीस ना?"

"होते."

"मग?"

हेमलता स्वयंपाकघरात गेली. तिनं त्याला वाढलं. नानांच्या हनुवटीशी तिनं उशी लावली, तो जेवेपर्यंत नाना झोपी गेले. श्रीरंग म्हणाला, पुण्याजवळ एक चांगली संस्था आहे, झाडं आहेत, डॉक्टर असतात. मग त्याच्या लक्षात आलं की नाना हलवता येणार नाहीत, आणि तो संध्याकाळच्या गाडीनं गेला.

डोकं उतरायच्या आदल्या दिवशी हेमलतानं रजा घेतली. ती फरशीवर कुशीवर आडवी झाली, नानांच्या तोंडासमोर तोंड करून. नानांच्या भुवया पांढऱ्या होत्या, एक केस लांब वाढून डोळ्यावर आला होता. तिनं तो बोटानं बाजूला केला.

"नाना, खाली मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"तुझी कचेरी आहे," नाना म्हणाले.

टाळू गेली तशी फरशी साधी फरशी झाली. कलावतीनं त्यावरून फडकं फिरवलं, पिशवी उचलली आणि खालचा जिना धरला. खाली नाना आवटींच्या फरशीवर उभे राहिले होते, विहिरीत दोरानं सोडलेल्या घागरीसारखे अलगद, आणि बोटं आधीच बुडाली होती. आवटीवहिनींनी त्यांना ओवाळलं. आवटी म्हणाले, "आता पहिल्या मजल्यावर कळवायला हवं."

पहिल्या मजल्यावर शमीमभाभी राहायच्या, एकट्याच. त्यांना सांगायला हेमलता गेली तेव्हा त्यांनी सोफा आधीच भिंतीला लावून ठेवला होता. "आवटींकडं आले, तेव्हाच समजले मी," त्या म्हणाल्या. "बसा. तुमचं तोंड बघा कसं झालंय. जेवलात?" हेमलता जेवली नव्हती. भाभींनी खिमा नको म्हणून अंड्याची पोळी करून दिली. ती खाता खाता हेमलता बसल्या जागी झोपली, आणि जागी झाली तेव्हा डोक्यावर, पंख्याशेजारी, दोन गुलाबी तळवे आले होते. भाभी खुर्चीवर चढून पंख्याची पाती काढत होत्या.

तिथं नाना बरेच दिवस राहिले. राहिले म्हणजे उतरत राहिले. हेमलता कचेरीतून आली की आवटींकडं जायची, डोक्याशी बसायची. मग भाभींकडं, पायांशी, जिथं आता वसंतमामा असायचा. स्वतःच्या घरी ती फक्त आंघोळीला जायची. तिथं आता खिडकीपाशी मोकळी जागा होती आणि ती ओलांडताना तिचे पाय आपोआप वळसा घालत. कधीकधी तिला वाटे, हे लवकर संपावं. मग ती जास्तच मऊ भात करी.

भाभींच्या फरशीतून नाना गेले, आणि खाली पार्किंग होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी आवटीच होते. ते खाली आले, नानांना हात जोडले आणि हेमलताला बाजूला घेऊन म्हणाले, "ही गाडीची जागा आहे."

"माहीत आहे."

"लोक विचारतील."

"मग मी काय करू?"

आवटींनी थोडा विचार केला आणि आपली स्कूटर बाहेर रस्त्यावर लावली. दोन खांबांना दोरी बांधून वहिनींनी चादर टाकली. भाभींनी खुर्ची पाठवली. नाना शहाबादी फरशीत ताठ उभे होते, गुडघ्यापर्यंत.

त्या दिवशी वसंतमामा हात चोळत हेमलताजवळ आला. "ताई, आता मी कुठं जाऊ? खाली घर न्हाई."

तिनं ब्यूरोला फोन केला. "जमिनीखाली आमची सर्व्हिस नाही, मॅडम," माणूस म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं.

हेमलतानं पहारीनं नानांच्या भोवतालची फरशी उचकटली. खाली मुरूम होता, घट्ट दाबलेला, त्याखाली काळी माती. तिनं उलथन्यानं खणून पाहिलं, मग हातानं. नखं मातीनं भरली. पोटरीपर्यंतसुद्धा हात पोचेना. कलावती शेजारी बसून बघत होती.

"कशाला खणताय, ताई?"

"बोटांमधली जागा कोण पुसणार?" हेमलता म्हणाली, आणि तिला रडू आलं. तिनं मातीच्याच हातानं डोळे पुसले. कलावतीनं तिची पाठ चोळली.

त्यानंतर नाना पटापट उतरले. कंबर, पोट, छाती. एका सकाळी हेमलता वाटी घेऊन आली तर माती खांद्यांच्या वर आली होती. ती जमिनीवर मांडी घालून बसली. आवटीवहिनी आणि शमीमभाभी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. भात निवला होता, तिनं वरणाचा हात लावून मऊ केला आणि पहिला चमचा नानांच्या तोंडापाशी नेला.

नानांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी मान किंचित खाली केली, कुणीतरी तळघरातून हाक मारावी तसं ऐकत राहिले. मग हसले. वरचे सगळे दात पडलेले, तसे मोकळे हसले.

"थांबा, विचारतो," ते जमिनीकडं बघत म्हणाले.

"कोणाला विचारताय, नाना?"

"खालच्यांना. त्यांनी पाय घेतलेत. तिथल्या बाई म्हणताहेत, आता तोंडापर्यंत आले." त्यांनी पुन्हा ऐकलं. मग वर, तिच्याकडं, सरळ पाहिलं. "त्या विचारतात, आजचं जेवण तुमच्याकडं की आमच्याकडं?"

चमचा हेमलताच्या हातात होता. माती नानांच्या खालच्या ओठाला लागली होती, आणि ते तिच्या उत्तराची वाट बघत होते.