नाव न घेतलेला पाला

क्षमाने वाटलेला पाला भिकाजीच्या खांद्यावर थापला आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पाल्याचं नाव घेण्यासारखं नव्हतंच. जास्वंदीचा होता, परसातला, हाताला लागला तो.

तिची सासू विमला गेली तीस वर्षं सांधे धरलेल्यांना फुकट औषध देत होती. कसला पाला ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी सुनेलाही. सांगितलं की गुण जातो. आणि नेमकी आज, शिगम्याच्या म्हणजे होळीच्या सणातल्या रोमटामेळाच्या, ढोलांच्या मिरवणुकीच्या दिवशी, ती मुलीकडे मांद्र्याला जाऊन बसली होती. फोन करावा तर तिचा फोन इथेच फळीवर वाजत होता.

भिकाजीचा उजवा हात चार दिवस खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरच्या फोटोत काही सापडलं नव्हतं, दुखणं मात्र होतं. मेळात पहिला ढोल त्याचा. संध्याकाळी तो दुसऱ्याच्या गळ्यात बघायचा म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं होणार होतं.

"काकी सांगान गेली मां तुका, पालो खंयचो तो?"

क्षमाने पाल्यावरून फडकं घट्ट बांधलं.

"ता सांगूचा नसता, भिकाजीभाऊ."

हे काही खोटं नव्हतं. तेवढ्यावरच त्याचा चेहरा उजळला.

संध्याकाळी मांडावर, मेळ जमतो त्या जागी, ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली. भिकाजीने पहिली काठी जपून मारली, दुसरी बेताने, आणि मग तो कुणाच्या बापाचं ऐकेना. हात डोक्याच्याही वर जात होता. क्षमाला इतका आनंद झाला की ती नाचायचीच काय ती बाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी विमलाने घरात पाऊल टाकलं आणि क्षमाने सगळं सांगून टाकलं.

"आई, मिया जास्वंदीचो पालो लायलो."

"गुण इलो?"

"इलो. पण खरो पालो खंयचो?"

विमलाने आधी दाराकडे बघून घेतलं.

"माका काय म्हायत? सासू सांगूच्या आधीच गेली. तेराव्या दिसा एक माणूस दारात कण्हत उभो. मिया शेवग्याचो लायलो."

"आणि मगे?"

"मगे हाताक गावलो तो."

दोघी हसत सुटल्या. हसता हसता विमलाने कंबर धरली. मांद्र्याहून बसमध्ये तिला उभ्यानेच यावं लागलं होतं.

"माझ्या कंबरेक लाव गो जरा."

क्षमा परसाकडे निघाली.

"जास्वंद नको," विमला पालथी होत म्हणाली. "दुसरो खंयचोय आण. आणि माका सांगू नको."